पारी/जीपी : एकही अंक न गिळणारा कॅल्क्युलेटर

मोठ्या पूर्ण संख्यांचं ज्याला मनापासून वेड आहे त्याने पारी/जीपी हा प्रोग्रॅम उतरवून घ्यावा, हे आधीच सांगून टाकते. पैसे पडत नाहीत, नोंदणी नाही, जाहिराती नाहीत. फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठात आँरी कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५च्या सुमारास हे काम सुरू केलं आणि ते आजही तिथे चालू आहे. संशोधकांसाठी बनवलेली वस्तू आहे, पण मी डोंबिवलीत मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते आणि आठवी-नववीच्या मुलांसमोर ती वापरते. त्यामुळे हा अभिप्राय एका शिक्षिकेचा आहे असं समजून वाचा.

गणित करणारं कुठलंही यंत्र हातात आलं की मी त्यावर पहिल्यांदा एकच संख्या टाकते : १२३४५६७८९८७६५४३२१. पुढून वाचा, मागून वाचा, सारखीच. नऊ एक ओळीने लिहिले की जी संख्या होते, १११११११११, तिचा हा वर्ग. सतरा अंक. एकं, दहं, शतं करत गेलं तर डावीकडचा पहिला एक 'मध्य' स्थानावर येतो; त्याच्या पुढचं घर परार्धाचं. ही आपल्या गावची संख्या आहे असं मी वर्गात अभिमानाने सांगते, आणि ते खरं आहे. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना या घराण्यातल्या संख्यांचा अभ्यास करावासा वाटला तो जी.आय.पी. रेल्वेच्या डोंबिवली स्टेशनात. त्या वेळी स्टेशनाला डेम्लो म्हणत, म्हणून या डेम्लो संख्या. पूर्णांकांच्या क्रमिकांचा जो जगप्रसिद्ध ऑनलाइन कोश आहे, त्यात त्या 'वंडरफुल डेम्लो नंबर्स' म्हणून नोंदलेल्या आहेत, क्रमांक ए००२४७७. मुलांना तो पानाचा मथळा दाखवते तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आता ही संख्या नेहमीच्या साधनांवर टाकून बघा. शास्त्रीय कॅल्क्युलेटर दहा अंक दाखवतो आणि बाकीचं दहाच्या सोळाव्या घातात गुंडाळतो : १.२३४५६७८९९ गुणिले दहाचा सोळावा घात. स्प्रेडशीटमध्ये टाकलीत तर पंधरा अंकांनंतर शून्यं येतात : १२३४५६७८९८७६५४३००. ब्राउझरच्या आत जी आकडेमोड चालते ती करून पाहिली तर उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२०. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते जवळजवळ बरोबर दिसतं. आठवीतल्या एका मुलीने फळ्यावरचं आणि पडद्यावरचं ताडून पाहिलं आणि विचारलं, "बाई, शेवटचा एक कुठे गेला?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. त्या पद्धतीत संख्या त्रेपन्न बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या त्रेपन्न घरांत, बसवतात. ९००७१९९२५४७४०९९२ या संख्येपर्यंत सगळ्या पूर्ण संख्यांना जागा मिळते. तिच्या पुढे काही अंतरापर्यंत फक्त सम संख्यांना. आपली संख्या विषम, तिला घरच नाही. म्हणून तिला शेजारच्या सम संख्येवर नेऊन बसवलं. लांबी मोजताना, पैसे मोजताना असा एकाचा फरक कोणी विचारणार नाही. पण पूर्ण संख्येचे गुण बघायचे असतात तेव्हा 'साधारण तेवढीच' या शब्दांना काही अर्थ उरत नाही. शेवटी एक असलेली आपली संख्या विषम आहे, ८१ने निःशेष भागली जाते, पूर्ण वर्ग आहे. शेवटी शून्य आलं की ती दहाच्या पाढ्यात जाते, अंकांची बेरीज ८० होते, म्हणजे तिनाने भागही जात नाही. एका अंकाने अख्खी जात बदलली. मोठ्या संख्येचा स्वभाव तिच्या शेवटच्या अंकापर्यंत पसरलेला असतो, आणि तो अंक जपणारं साधन मला हवं होतं.

पारी/जीपी तो जपतं. काळ्या पडद्यावर एक प्रश्नचिन्ह लुकलुकत असतं. त्यापुढे १११११११११, मग घाताचं चिन्ह, मग २, आणि एंटर. सतराच्या सतरा अंक समोर. दोनाचा हजारावा घात मागा, तीनशे दोन अंक ओळीने येतील, एकही गुंडाळलेला नाही. मेमरी पुरेल तेवढे अंक, हाच त्याचा नियम.

मग 'फॅक्टर' हा हुकूम. आपली संख्या कंसात देऊन एंटर मारलं की तीन ओळी येतात : ३ आणि शेजारी ४, ३७ आणि शेजारी २, ३३३६६७ आणि शेजारी २. डावीकडे मूळ अवयव, उजवीकडे त्यांचे घातांक. म्हणजे तिनाचा चौथा घात, सदतिसाचा वर्ग, आणि ३३३६६७चा वर्ग, यांचा गुणाकार. मुलं लगेच विचारतात की हे ३३३६६७ कुठून उपटलं. इथे यंत्र बाजूला ठेवून खडू हातात घ्यायचा. नऊ एकांचे तीन-तीनाचे गट पाडा : १११, १११, १११. म्हणजे १११ गुणिले १००१००१. पहिल्यात ३ आणि ३७ दडलेले आहेत हे सगळ्यांना येतं. दुसऱ्याच्या अंकांची बेरीज तीन, म्हणून तिनाने भाग जाणार. भागून बघा, ३३३६६७. झालं. आता त्याचा वर्ग पारीला विचारा : १११३३३६६६८८९. तीन एक, तीन तीन, तीन सहा, मग आठ-आठ-नऊ. इतक्या शिस्तीत उभी असलेली संख्या पाहून मला दर वेळी आनंद होतो, आणि तो मी लपवत नाही.

'नमडिव' म्हणजे विभाजक किती ते सांगणारा हुकूम. उत्तर ४५. घातांकांत एकेक मिळवून गुणायचं, पाच गुणिले तीन गुणिले तीन, हे नववीच्या मुलाला तोंडी जमतं. विभाजकांची संख्या विषम आली यावरूनच संख्या पूर्ण वर्ग आहे हे कळतं, तेही तिथल्या तिथे सांगून होतं. 'समडिजिट्स' अंकांची बेरीज देतं : ८१. आणि ८१ने संख्येला भाग जातो, उत्तर १५२४१५७८९९७१०४१. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागली जाणारी संख्या म्हणजे हर्षद संख्या, हे नाव आणि ही कल्पनाही कापरेकरांचीच. या भागाकाराचं उत्तरसुद्धा पूर्ण वर्ग आहे : १२३४५६७९चा. तीच ती, आठ हा अंक गाळलेली, नवाने गुणलं की नऊ एक देणारी. एकाला एक्क्याऐंशीने भागलं की दशांश चिन्हानंतर ०१२३४५६७९ हेच नऊ अंक पुन्हा पुन्हा येत राहतात, तेही पारीत हवे तितक्या स्थळांपर्यंत बघता येतं.

कापरेकरांचाच दुसरा खेळ त्यावर फार छान चालतो. १४२८५७चा वर्ग करा : २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा अंक तोडा, १२२४४९. डावीकडे उरले २०४०८. दोन्हींची बेरीज पुन्हा १४२८५७. पारीत 'डिवरेम' नावाच्या हुकुमाला दहाचा सहावा घात दिला की हे दोन तुकडे एकदम हातात येतात. ४५, २९७, ७०३, २२२३ अशा छोट्या कापरेकर संख्यांपासून सुरुवात केलेली मुलं तासाभरात सहा अंकांपर्यंत पोचतात, आणि त्यानंतर पुढची आपोआप शोधणारी दोन ओळींची आज्ञावली लिहायला स्वतःहून मागतात.

माझ्या मते या प्रोग्रॅमचा खरा उपयोग एखादा सुंदर नमुना मोडतो तिथे दिसतो. दोन एकांचा वर्ग १२१, तीनांचा १२३२१, असं करत नऊ एकांपर्यंत डोंगर चढत जातो. मुलांना वाटतं, हे असंच चालणार. मग दहा एक. पारी उत्तर देतं : १२३४५६७९००९८७६५४३२१. शिखर कोसळलं, मधे दोन शून्यं, आणि आठ गायब. आता फळ्यावर दहा एकांचा उभा गुणाकार मांडायचा. मधल्या स्तंभात दहा एक जमतात. दहाचं शून्य मांडलं, हातचा एक. डावीकडच्या स्तंभात नऊ होते, त्यात हातचा मिळून पुन्हा दहा. परत शून्य, परत हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ, हातच्याने नऊ झाले, आणि हातचा तिथेच थांबला. म्हणून सातानंतर एकदम नऊ, मग दोन शून्यं, मग उतरण. तिसरीत शिकलेल्या हातच्याने एवढी उलथापालथ केली हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. पुस्तकात फक्त नऊपर्यंतचा डोंगर छापतात, दहावी पायरी कोणी दाखवत नाही. ती दाखवायलाच हवी.

त्यावर एकाने विचारलं, आपल्याकडे दहाच्या ऐवजी सोळा अंक असते तर? पारीत हेही करून बघता येतं. 'फ्रॉमडिजिट्स'ला पंधरा एक आणि पाया १६ असं द्यायचं, वर्ग करायचा, आणि 'डिजिट्स'ने तो पुन्हा सोळाच्या पायात उलगडायचा. एक, दोन, तीन करत पंधरापर्यंत चढ आणि परत एकापर्यंत उतार, एकही हातचा नाही. पाया कुठलाही घ्या, त्याच्यापेक्षा एक कमी इतके एक घेतले की डोंगर पूर्ण उभा राहतो. ही गोष्ट मी तोंडाने सांगितली असती तर मुलांनी मान डोलावली असती. स्वतः टंकून बघितली म्हणून त्यांनी नंतर पाया सात, पाया बारा असं करून बघितलं.

आता मूळ संख्यांकडे. आपल्या डोंगराच्या शिखरावर नऊनंतर दहा लिहून मग उतरलं तर वीस अंकी संख्या होते : १२३४५६७८९१०९८७६५४३२१. 'इजप्राइम' विचारा. उत्तर १, म्हणजे होय. ही मूळ संख्या आहे. पंचेचाळीस विभाजक असलेल्या संख्येत फक्त दहा घुसवला आणि तिला एक आणि ती स्वतः यांच्याशिवाय कोणी भागेनासं झालं!

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, आणि माहितीपुस्तिकेत ती आहे. 'इजप्राइम' सिद्ध करून उत्तर देतं. 'इजस्यूडोप्राइम' हा त्याचा वेगवान भाऊ एक कसोटी लावून उत्तर देतो. त्या कसोटीला फसवणारी एकही संयुक्त संख्या आजवर कोणाला सापडलेली नाही, आणि दोनाच्या चौसष्टाव्या घातापर्यंत तशी नाहीच हे तपासून झालं आहे. पण त्याच्या वर ती सिद्धता होत नाही. 'फॅक्टर' मोठे अवयव दाखवताना मुळात ही वेगवान कसोटीच वापरतं. सिद्धता हवी असेल तर 'फॅक्टर प्रूव्हन' हा पर्याय १ करून ठेवावा. मी तो कायम १ ठेवते. उत्तराला थोडा वेळ लागला तरी चालेल, पण वर्गात 'ही मूळ आहे' म्हणताना मागे सिद्धता असायला हवी.

वेगाबद्दल सांगायचं तर एकच उदाहरण पुरे. दोनाचा सदुसष्टावा घात वजा एक : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. १६४४मध्ये मर्सेन या फ्रेंच गणितज्ञाने ही मूळ असल्याचं लिहून ठेवलं होतं. १८७६मध्ये ल्युका या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञाने ती संयुक्त आहे हे दाखवलं, पण अवयव काही हाती लागले नाहीत. ते १९०३मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत मांडले : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. तीन वर्षांचे रविवार त्यात गेले, असं त्यांनी सांगितल्याची आठवण नोंदलेली आहे. पारीत 'हॅश' टंकून घड्याळ सुरू करा आणि 'फॅक्टर' द्या. काही मिलिसेकंद. मी हे करून दाखवते आणि त्याच दिवशी मुलांना त्या दोन अवयवांचा गुणाकार वहीत हाताने करायला लावते, म्हणजे कोल यांनी सभेत फळ्यावर काय केलं ते बोटांना कळतं.

याचा अर्थ वाटेल ती संख्या फोडून मिळेल असा नाही. पन्नास-साठ अंकांपर्यंत घरच्या लॅपटॉपवर मजेत काम होतं. अंक ऐंशी-नव्वदीकडे सरकले आणि दोन मोठे मूळ अवयव एकमेकांच्या आसपासच्या आकाराचे असले की बराच वेळ थांबायची तयारी ठेवावी. शंभराच्या पुढे वेगळी हत्यारं लागतात. २०२०मध्ये २५० अंकी आरएसए संख्या (दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार, संगणकी कुलुपांत वापरतात तसा) फोडली ती काडो-एनएफएस या प्रोग्रॅमने, अनेक संगणकांवर मिळून. बँकेच्या व्यवहारांची कुलुपं याच अवघडपणावर उभी आहेत, हे दहावीच्या मुलांना सांगायला इथे छान जागा मिळते.

उणिवा सांगते. दिसायला अगदी रूक्ष आहे. बटणं नाहीत, रंग नाहीत, सगळं टंकायचं. अवयवांची मांडणी चौकटी कंसात येते, गुणाकार म्हणून येत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी मुलं गोंधळतात. 'फॅक्टरबॅक' हुकुमाने ते पुन्हा गुणून आधीची संख्या आणून दाखवली की गोंधळ मिटतो. देवनागरी आकडे त्याला कळत नाहीत, इंग्रजीच टंकावे लागतात. माहितीपुस्तिका जाडजूड आणि विद्यापीठातल्या वाचकासाठी लिहिलेली. शाळेच्या शिक्षकाने पहिली ओळख करून देणारी छोटी पुस्तिका वाचावी आणि पुढे प्रश्नचिन्ह लावून हुकुमाचं नाव टंकावं, मदत तिथेच येते. मोठ्या आकडेमोडीत 'स्टॅक ओव्हरफ्लो'चा निरोप आला तर घाबरू नका, 'पारी साइज मॅक्स' हा आकडा वाढवून द्यायचा.

बसवणं सोपं आहे. विंडोजसाठी तयार फाइल आहे, लिनक्सवर नेहमीच्या पॅकेजांत मिळतं, अँड्रॉइडसाठी पारीड्रॉइड आहे. शाळेच्या संगणकांवर काही बसवायची परवानगी नसेल तर त्यांच्या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच चालणारं जीपी आहे. थोडं हळू, पण वर्गासाठी पुरेसं. फोनवर घाताचं चिन्ह कीबोर्डच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतं, तेवढं आधी शोधून ठेवा.

सहावी-सातवीच्या शिक्षकांसाठी आणखी एक सांगते. पारी अपूर्णांकाला अपूर्णांकच ठेवतं. एक तृतीयांश अधिक एक षष्ठांश टाका, उत्तर एक द्वितीयांश. सात भागिले दोन टाका, सात भागिले दोनच राहतं, कारण ते उत्तर पूर्ण आहे. दशांशात हवं असेल तर तसं मागायचं. ज्या वयात मुलं ०.३३ला एक तृतीयांश समजायला लागतात त्या वयात ही सवय फार मोलाची आहे.

सध्या आमच्या वर्गात नुसत्या एकांच्या संख्यांचा शोध चालू आहे : किती एक ओळीने लिहिले तर मूळ संख्या होते? एकांची संख्या मूळ नसेल तर प्रश्नच मिटतो. नऊ एकांचे आपण १११ने तुकडे केलेच. पण मूळ असून भागत नाही : सतरा एकांचे अवयव निघतात २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७. 'फॉरप्राइम'ची एक ओळ लिहून अकराशेपर्यंत पळवली की फक्त पाच आकडे उमटतात : २, १९, २३, ३१७ आणि १०३१. शेवटच्याची सिद्धता १९८६मध्ये झाली. त्याच्या पुढचा ४९०८१, आणि तितके एक असलेली संख्या मूळ असल्याचं सिद्ध व्हायला २०२२ साल उजाडलं. १०३१ एक पडद्यावर उतरले तेव्हा मुलांनी ते खरंच १०३१ आहेत का हे तपासायला पडद्याला बोट लावून मोजायला सुरुवात केली. मी त्यांना अडवलं नाही, पण 'समडिजिट्स' वापरता येईल एवढं सुचवलं.